आक्का आणि वाजणारं दार

आक्का तोंडात टाचण्या धरून बोलायची. एक-दोन नव्हे, चांगल्या पाच-सहा. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात त्या ओळीनं उभ्या असायच्या आणि उजव्या कोपऱ्यातून ती गिऱ्हाइकाशी, शेजारणीशी, रस्त्यानं जाणाऱ्या भाजीवालीशी बोलत राहायची. नवख्या माणसाला त्यातलं निम्मंच कळायचं. आष्ट्याच्या बायकांना मात्र सवय झाली होती. "हात वर कर", "शांत हुबी ऱ्हा", "पोट आत घिऊ नको, मग शिवल्यावर बोंब मारशील" हे सगळं ती दात न उघडता सांगायची. माझी आई म्हणजे तिची धाकटी बहीण. ती दर भेटीत कळवळून म्हणायची, "आक्का, एक दिवस पोटात जाईल बघ टाचणी." आक्काचं उत्तर ठरलेलं असायचं, "तीस वर्सांत गेली न्हाई, आता कशाला जाती?"

नात्यानं ती माझी मावशी, पण मावशी असं तिला मी कधी म्हटलं नाही. सगळं गाव आक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही. आष्ट्याला भर रस्त्यावर तिचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी पायमशीन, भिंतीला कपड्यांच्या थप्प्या, दारात चपलांचा ढीग. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश, क्वचित एखाद्या नवरीचा घागरा. तिचे यजमान, आमचे दादा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ऊस बघत होते. मुलगा विजय बापाच्या वाटेनं फौजेत गेलेला. घरात दोन माणसं, पण त्या पुढच्या खोलीत दिवसभर जत्रा असायची.

कामाची वस्तू हातातून खाली ठेवायची असली की आक्का ती टेबलावर ठेवायची नाही, स्वतःच्या अंगावर ठेवायची. ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर टाचण्यांची रांग. पदराच्या आतल्या टोकाला दोरा ओवलेल्या दोन सुया. कमरेच्या कापडी पिशवीत बोटात घालायचं लोखंडी टोपण, दोन-चार बॉबिनी, हुकांची पुडी. "माझं दुकान माझ्या अंगावर हाय," म्हणायची. आम्ही हसायचो, पण माझ्या लग्नात मुहूर्ताला दहा मिनिटं असताना माझ्या ब्लाउजचे हुक पटापट तुटले, तेव्हा साऱ्या कार्यालयात सुई-दोऱ्यासाठी धावाधाव करायची वेळ आली नाही. आक्का माझ्या पाठीमागे उभी राहिली, पदर उलटा केला, आणि मला अंगावरच शिवून मोकळी झाली. "आता वाकू नको म्हंजी झालं," एवढंच म्हणाली. मी नवऱ्याच्या पाया पडतानासुद्धा ताठच होते, असं सासरची माणसं अजून म्हणतात.

आणखी एक गोष्ट होती तिची. ती उजवी टाच टेकवायची नाही. पाऊल पुढच्या बाजूनं टेकवून, किंचित उडी घेतल्यासारखी चालायची. "टाच दुखती गं," म्हणायची. हे किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक. विटेवर रुईची पानं तापवून त्यावर टाच शेकायची, तेल चोळायची, तात्पुरतं बरं वाटलं की पुन्हा मशीनवर. गावातल्या डॉक्टरांनी दोन-तीनदा फोटो काढायला सांगितला होता. "टाचंचा काय फोटो काढायचा? माझ्या लग्नाचा बी एकच हाय," असं म्हणून तिनं तो विषय उडवून लावला होता. दादांचं मत वेगळं होतं. पाहुणे यायचे असले, कुठं लग्नाला जायचं असलं की ते म्हणायचे, "आली का टाच? तुला कुठं जायाचं नसलं की बरुबर दुखती ती." आक्का मान खाली घालून मशीन चालवत राहायची. आणि मी? मी तिला शहाणपणानं सांगायची, "आक्का, वजन कमी कर. वजनानं दुखते टाच."

विजयच्या बायकोचा, अर्चनाचा, आठवा महिना संपत आला होता. ती दोघं चंदीगडजवळ फौजेच्या क्वार्टरमध्ये राहत होती. बाळंतपणाला आक्कानं आठवडाभर आधी रेल्वेनं जायचं ठरलं होतं. पण एका दुपारी अर्चनाच्या शेजारणीचा फोन आला. अर्चनाचं ब्लडप्रेशर वाढलंय, अंगावर सूज आलीय, लष्करी दवाखान्यात दाखल केलंय. विजय सरावासाठी लांब गेलेला, आठ दिवस तरी येणार नाही. अर्चनाची आई अंथरुणाला खिळलेली. दादांच्या रानात ऊसतोड चालू झालेली, टोळी अर्ध्यावर सोडून ते निघू शकत नव्हते. मला आक्काचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, हे मला लगेच कळलं.

"शोभे, विमानानं किती टाइम लागतो गं?"

मी साताऱ्याला शाळेत शिक्षिका आहे. विमानात बसायचा माझा अनुभव तोवर एकूण दोन वेळांचा. पण आमच्या घराण्यात तेवढ्यावर मी जाणकार ठरले होते. मी दोघींची तिकिटं काढली, शाळेत रजा टाकली आणि तिला फोनवर बजावलं, "आक्का, हातातल्या पिशवीत कात्री चालत नाही. कात्री घरी ठेव." ती "व्हय, व्हय" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आष्ट्याहून इस्लामपूर गाठून तिथल्या पहिल्या एसटीनं ती साताऱ्यात उतरली, तिथून आम्ही मोटारीनं पुण्याला निघालो. सबंध वाटेत ती फक्त एकदा बोलली. खंबाटकी घाट उतरल्यावर म्हणाली, "माझ्या टायमाला माझी सासू हुती जवळ. त्या पोरीजवळ कोन न्हाई."

विमानतळावर मोठी बॅग आत गेली. हातातली पिशवी मात्र आक्कानं सोडली नाही. "ही हरवली तर बाळाला काय देऊ?" म्हणाली. मी म्हटलं, असेल झबलं-टोपडं. रांगेत तिला पुढं घातलं आणि मी मागं राहिले.

आक्का त्या दारातून गेली आणि दार वाजलं.

पहारा करणारी मुलगी विशी-बाविशीची असेल. तिनं पडद्याआड नेऊन आक्काच्या अंगावरून ती काळी दांडी फिरवली. खांद्याशी पीं. आक्कानं पदर बाजूला केला. टाचण्या. एक, दोन, तीन... आठ निघाल्या. मुलीनं त्या ताटलीत घेतल्या. पदराच्या टोकाशी पीं. सुया. कमरेशी पीं. टोपण, बॉबिनी, हुकांची पुडी. पडद्याच्या फटीतून मला ती ताटली दिसत होती आणि ती भरत चालली होती.

"आक्का!" मी बाहेरून दबक्या आवाजात ओरडले. "तुला सांगितलं होतं ना!"

"तू कात्री म्हणलीस," ती आतून शांतपणे म्हणाली. "कात्री हाय घरी. टाचण्या कुठं म्हणलीस?"

इतक्यात पिशव्यांच्या पट्ट्याकडून गलका झाला. पट्टा थांबला होता. यंत्राच्या पडद्यासमोर बसलेला जवान खुर्चीतून अर्धवट उठून आत पाहत होता. त्यानं हात वर करून वरिष्ठाला बोलावलं. दोघं बघू लागले, मग तिसरा आला. आमच्या मागच्या माणसांना दोन पावलं मागं सरकवण्यात आलं. कुणाची पिशवी आहे, म्हणून विचारणा झाली आणि मला हात वर करावा लागला. यंत्राच्या पडद्यावर काय दिसत होतं ते मी पाहिलं. एक घट्ट, गोल, काळा गोळा. त्यावर सारख्या लांबीच्या कांड्यांची दोऱ्यानं करकचून बांधलेली जुडी. शेजारी गुंडाळी केलेली पट्टी. मला स्वतःलाच क्षणभर वाटलं की आक्कानं काय घेतलंय हे!

तोवर आक्का पडद्याआडून आली. गर्दी पाहिली, जवानांचे चेहरे पाहिले, आणि पिशवी आपली आहे हे कळल्यावर सरळ पुढं झाली. दादांबरोबर फौजेच्या क्वार्टरमध्ये सहा वर्षं काढल्यामुळं तिला हिंदी येत होतं, म्हणजे तिच्या मते येत होतं.

"क्या हुआ बाबू? वो गूळ है. घर का गूळ. और ऊपर बाळगुटी का सामान है. वेखंड, हळकुंड, हिरडा, बेहडा. बच्चे को घिस के चटाते है. वो पट्टी टेप है, माप लेने का. नीचे सहाण है, पत्थर. संभाल के निकालना, फूटती है."

वरिष्ठानं हातमोजे घालून पिशवी उघडली. एकेक वस्तू टेबलावर मांडली. दोऱ्याची गाठ सोडून वेखंडाची एक कांडी नाकाशी नेली. मग त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि तो हसला. "घुट्टी," तो म्हणाला. "हमारे यहाँ नानी बनाती थी." मागं सरकलेली माणसं पुढं आली. कुणीतरी हसलं, एका बाईनं विचारलं, "कितवा महिना?" पट्टा पुन्हा सुरू झाला.

पण आक्काची झडती संपली नव्हती. पहारेकरी मुलगी तिला पुन्हा पडद्याआड घेऊन गेली. आता अंगावर काही उरलं नव्हतं, तरी उजव्या पायाशी दांडी पीं करत होती. चप्पल काढली, तरी पीं. मुलीनं खाली वाकून पाहिलं, पायात जोडवी दिसली. "इसका होगा," ती म्हणाली आणि सुटकेनं हात हलवला. "जाइए माताजी."

आक्का गेली नाही. ती त्या मुलीच्या गणवेशाच्या बाहीकडं बघत होती. मनगटाजवळचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. "बेटा, ये गिरेगा," ती म्हणाली. "मेरा सुई तुम्हारे ताटली में है. दो मिनिट दो." ती मुलगी संकोचली, इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच तिनं हात पुढं केला. आक्कानं चार टाके घातले, दोरा दातानं तोडला. सुया, टाचण्या त्या मुलीनं एका कागदात गुंडाळून बाजूला ठेवल्या, त्या काही परत मिळाल्या नाहीत. टोपण आणि बॉबिनी मिळाल्या. "ऱ्हाऊ देत," आक्का म्हणाली. "तिला लागतील. त्या गणवेशाची शिलाई लय कच्ची हाय."

विमान आम्हाला मिळालं, पण शेवटची माणसं आम्हीच.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अर्चना एकटी छताकडं बघत पडली होती. आक्काला पाहिलं आणि ती हमसून रडली. आक्का तिच्या उशाशी बसली, आणि पुढचे सहा दिवस तिथून हलली नाही. सातव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. आक्काच्या हातात शिवायला काही नव्हतं. तिनं माझ्या ओढणीचा काठ धरला आणि बोटांनी मोजत राहिली, जणू माप घेत होती. तासाभरानं नर्स आली. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. आक्का उभी राहिली, पुन्हा बसली, आणि म्हणाली, "शोभे, फोन लाव विजयला. मला नंबर दिसंना." डोळ्यांतल्या पाण्यानं दिसत नव्हता, हे तिला कळलंच नव्हतं.

माझी रजा संपल्यावर मी परत आले. महिनाभरानं विजयला सुट्टी मिळाली, सगळं मार्गी लागलं, तेव्हा आक्काला आणायला मी पुन्हा गेले. येताना चंदीगडच्या विमानतळावर तिच्या अंगावर एकही टाचणी नव्हती. कमरेची पिशवीसुद्धा तिनं मोठ्या बॅगेत टाकली होती. मोठ्या रुबाबात ती दारातून गेली.

पडद्याआड दांडी पायाशी आली आणि पीं.

या वेळची पहारेकरीण वयानं मोठी होती, पन्नाशीला टेकलेली. तिनं घाई केली नाही. आक्का तिला आपणहोऊन सांगू लागली, "जोडवी का है, जोडवी का." बाईनं मान हलवली. तिनं दांडी डाव्या पायावर धरली. गप्प. उजव्या पायाच्या बोटांवर धरली. गप्प. टाचेवर धरली, पीं. पुन्हा बोटांवर, पुन्हा टाचेवर. मग तिनं आक्काला स्टुलावर बसवलं आणि स्वतः खाली गुडघ्यावर बसून तिची टाच हातात घेतली.

"माताजी, जोडवी तर दोन्ही पायांत आहेत," ती हिंदीत म्हणाली. "इथं वाजतंय. इथं ऑपरेशन झालंय का? रॉड वगैरे?"

"न्हाई... नहीं."

तिनं अंगठ्यानं टाच दाबली. आक्का किंचाळली.

"दुखतं?"

"बहुत साल से."

त्या बाईनं आक्काच्या तोंडाकडं पाहिलं. "घरी गेल्यावर फोटो काढा," ती म्हणाली. "टाळू नका. आत काहीतरी आहे." मग तिनं आक्काला हात धरून उठवलं आणि स्वतःच्या हातानं तिची चप्पल सरळ करून दिली.

विमानात आक्का खिडकीशी बसली, पण बाहेर बघत नव्हती. ढगांच्या वर गेल्यावर तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "शोभे, विजयच्या टायमाला डॉक्टरनी लोहाच्या गोळ्या दिल्या हुत्या. शंभर खाल्ल्या मी. त्या उतरून टाचंत साठल्या असतील का गं?"

मी हसले. ती हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "का गाठ-बिठ आसंल? वाईटातली?"

"गाठ वाजत नाही, आक्का."

"कुनाला ठावं," ती म्हणाली आणि उरलेल्या प्रवासात माझं मनगट धरून बसली. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, इतकी वर्षं आम्ही या बाईच्या दुखण्याला काय काय नावं ठेवली. वजन, वात, वय, ढोंग. एकानंही खाली बसून तिची टाच हातात घेतली नव्हती.

चारच दिवसांत सांगलीला फोटो काढला. दादाही आले होते. ऊस गेला होता, रान मोकळं झालं होतं, पण ते आले ते नुसते सोबत म्हणून नव्हे. ते घाबरले होते. दवाखान्याच्या बाकावर ते फौजी शिस्तीत ताठ बसले होते, पण मांडीवरची टोपी सारखी फिरवत होते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तो काळा कागद उजेडाच्या पाटीवर लावला. टाचेच्या हाडाखाली, मांसात, एक पांढरी स्वच्छ रेघ होती. दीड-दोन सेंटिमीटर. एका टोकाला अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला तुटलेली. डॉक्टर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का खुर्चीतून उठून पाटीपाशी गेली.

"ही मशीनची सुई हाय!"

"आजी, तसंच काहीतरी दिसतंय, पण..."

"दिसतंय काय, हायच. सोळा नंबरची. खालचा तुकडा. टोक बगा की!"

"नंबर कसा ओळखलात?" डॉक्टरांनी चकित होऊन विचारलं.

"आवं, तीस वर्सं मी तिच्यासंगं काढली," आक्का म्हणाली. "ह्यांच्यापेक्षा जास्त मी तिच्याकडं बघितलंय."

मग तिला सगळं आठवलं. विजय कॉलेजात होता त्या वर्षी शाळेच्या दप्तरांची मोठी ऑर्डर आली होती. जाड कापडाच्या पट्ट्यावर सुई मोडली. वरचा भाग मशीनमध्ये राहिला, खालचा कुठं उडाला कळलं नाही. ती शोधत बसली नाही, दप्तरं द्यायची होती. दुसऱ्या दिवशी अनवाणी चालताना टाचेत कळ आली, थेंबभर रक्त आलं. काटा असेल म्हणून हळद भरली आणि पुन्हा मशीनवर बसली. काटा वर आला नाही, कळ गेली नाही. पुढं त्या दोन गोष्टी एकमेकींशी जोडाव्यात असं तिच्या मनातही आलं नाही.

"म्हंजी वाईटातलं काय न्हाई?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"काही नाही. छोटं चिरून काढून टाकू. पंधरा दिवसांत पळाल."

आक्कानं लांब श्वास सोडला. आणि मग ती दादांकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादा हरवलेला कागद सापडल्यावर माणूस दाखवतो, तसं ती त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "बगा. खोटं न्हवतं."

दादा उठले, पाटीजवळ गेले आणि बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. मग टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, आणि आक्काचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. माझ्यादेखत त्यांनी तिचा हात धरल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

सुई निघाली. डॉक्टरांनी ती एका लहान बाटलीत घालून दिली. टाके काढायच्या दिवसापर्यंत आक्काला पाय टेकायची बंदी होती, म्हणून मी शनिवारी-रविवारी आष्ट्याला जाऊन राहायची. अशाच एका रविवारी सकाळी पुढच्या खोलीत गेले, तर दादा जमिनीवर उकिडवे बसलेले. जुन्या कर्ण्यातला गोल लोहचुंबक त्यांनी काठीच्या टोकाला बांधला होता आणि त्या काठीनं ते फरशीच्या एकेका फटीतून, मशीनच्या पायाखालून, उंबऱ्याच्या कडेनं हळूहळू शोधत होते. चुंबकाला टाचण्या चिकटत होत्या, गंजलेले हुक, सुयांचे तुकडे. प्रत्येक तुकडा ते बोटानं काढून वाटीत टाकत होते. वाटी निम्मी भरली होती.

"दादा, किती वेळ बसलाय?"

"आसंल दोन तास," ते मान वर न करता म्हणाले. "अजून कपाटाखालचं ऱ्हायलंय."

आतल्या खोलीतून आक्का ओरडली, "आवं, चा घ्या की! काय सुरुंग सापडलं काय तुमाला, बॉर्डरवर असल्यागत?"

दादा हसले नाहीत. त्यांनी कपाट ओढून बाजूला केलं आणि त्याच्याखालीही शोधलं. तेव्हापासून त्या खोलीत दर रविवारी ती काठी फिरते. आक्काला टाचणी खाली टाकायची चोरी झाली आहे.

टाके निघाल्यावर पहिल्यांदा तिनं टाच टेकवली ती अंगणात. मला वाटलं होतं, ती हसेल, काहीतरी बोलेल. तिनं नुसती टाच टेकवली, जरा थांबली, पुन्हा टेकवली. भीती पायातून जायला आठ-पंधरा दिवस गेले. दुखणं गेलं तरी पाय उडी मारायची सवय सोडेना. मग एका दिवशी ती सहज भाजी आणायला गेली आणि परत आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण इतर माणसांसारखे चालत जाऊन आलो.

या वर्षी अर्चनाला नोकरी लागली आणि नात सांभाळायला आक्का सहा महिन्यांसाठी चंदीगडला निघाली. दादा उसाची लागण आटोपून मागनं जाणार होते. या वेळी आक्का एकटीच जाणार होती. मी तिला पुण्याला विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. हातात तीच पिशवी होती, गूळ मात्र मोठ्या बॅगेत गेला होता. दारात तिनं माझ्या कुर्त्याची बाही ओढून सरळ केली आणि म्हणाली, "ही शिवण कुणी घातली? आल्यावर उसवून परत घालीन." मग काच सरकली आणि ती आत गेली. मी तिथंच एका खांबाशी थांबून राहिले. साताऱ्याची वाट लांब होती, पण पाय निघेना.

पाऊण तासानं फोन वाजला.

"शोभे! वाजलं न्हाई गं!"

"खरंच?"

"दार वाजलं न्हाई, दांडी वाजली न्हाई. मी म्हणलं, बाई, तुमचं मशीन बंद हाय का काय? परत एकदा बघा. ती म्हणली, माताजी, चला, मागं रांग हाय." ती धापा टाकत हसत होती. मीही हसले. हसता हसता मी खांबाकडं तोंड केलं.

"विजयनं तिकिटाबरुबर चाकाची खुर्ची सांगितलीया म्हणं," ती पुढं म्हणाली. "एक माणूस घिऊन हुबा हाय माज्यापुढं. गेट लय लांब हाय म्हणतोय."

"मग बस ना आक्का. सवय नाही तुला एवढी."

"न्हाई," ती म्हणाली. मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला, त्या माणसाशी बोलत असावी. "नको बेटा. दुसरे किसी को दो. मैं चलती हूँ."

फोन बंद करायचं ती विसरली. मी कानाशी धरूनच ठेवला. आत कसल्या कसल्या घोषणा चालू होत्या, बॅगांची चाकं खडखडत होती. आणि त्या सगळ्या गोंगाटात, अगदी जवळ, गुळगुळीत फरशीवर चपलांचा आवाज येत होता. डावं पाऊल, उजवं पाऊल. दोन्ही सारखी वाजत होती.